खुब्याला बोन ग्राफ्ट: ‘करू की नको’च्या आधी ‘कधी’ हे विचारा



गेल्या आठवड्यात एक तरुण माझ्याकडे फिटनेससाठी आला. फिटनेस म्हणजे व्यायामाचा नव्हे. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना फिजिशियनचे एक पत्र लागते. या माणसाचे हृदय, फुप्फुसे, साखर, रक्तदाब ठीक आहे, ऑपरेशनला हरकत नाही, असे. मुलाचे वय २९. ईसीजी काढला, रिपोर्ट पाहिले, पत्र लिहून दिले. तरी तो उठेना. शेवटी त्याच्या आईने तोंड उघडले.

“डॉक्टरसाहेब, पायातलं चांगलं हाड काढून खुब्यात घालणार म्हणतात. एक मोडायचं आणि दुसरं जोडायचं, असं कुठं असतंय का? त्यापेक्षा सरळ खुबाच बदलून टाकला तर?”

मी हाडांचा सर्जन नाही. पण हा प्रश्न सर्जनपेक्षा आम्हा फिजिशियन मंडळींनाच जास्त वेळा विचारला जातो. सर्जनसमोर पेशंट घाबरलेला असतो, आमच्याकडे तो वर्षानुवर्षे येत असतो. त्यामुळे या विषयावर मी लिहायचे ठरवले. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना सोपे जाईल.

खुब्यातील बोन ग्राफ्ट ही जादू नाही आणि फसवणूकही नाही. ती एक चांगली शस्त्रक्रिया आहे, पण तिला मुहूर्त असतो. तो मुहूर्त बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटरमध्ये चुकत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, माझ्यासारख्या डॉक्टरच्या ओपीडीत चुकतो.

खुबा म्हणजे नेमके काय?

आपल्या स्वयंपाकघरातली वाटी आणि त्यात बसणारा लाडू डोळ्यांसमोर आणा. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोल गोळा असतो. गोळा वाटीत फिरतो, म्हणून आपण चालतो, उकिडवे बसतो, मांडी घालून जेवतो, गाडीवर टांग टाकतो. गोळ्याच्या खाली एक निमुळती मान असते आणि त्याखाली मांडीचे जाडजूड हाड सुरू होते.

एका पायावर उभे राहिलो की या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन पट भार येतो. ७० किलोच्या माणसाच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला जवळजवळ २०० किलो! एवढे काम करणाऱ्या गोळ्याला रक्त मात्र फार थोड्या वाटांनी मिळते. मुख्य रक्तवाहिनी मांडीच्या बाजूने येते, मानेला चिकटून वर चढते आणि गोळ्यात शिरते. मोठेपणी दुसरी भरवशाची वाट जवळजवळ नसतेच. गावाला एकच पाइपलाइन असावी, तसे हे आहे. ती फुटली किंवा तुंबली की गाव कोरडे.

गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून त्यातले हाड मरणे, याला डॉक्टर ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ किंवा थोडक्यात ‘एव्हीएन’ म्हणतात. हाड मेले की ते लगेच कोसळत नाही. वाळवी लागलेली तुळई वरून बरेच दिवस शाबूत दिसते, पण आतून पोकळ होत जाते आणि एक दिवस भाराने खचते. गोळ्याचेही तसेच होते. आधी मरतो, मग खचतो, मग त्याची गोलाई जाते आणि शेवटी वाटीसुद्धा झिजते.

आजाराच्या पायऱ्याही याच क्रमाने मोजतात. पहिल्या पायरीला एक्स-रे अगदी नॉर्मल असतो, फक्त एमआरआयमध्ये आजार दिसतो. दुसरीत एक्स-रेवर पांढुरके डाग किंवा बारीक पोकळ्या दिसतात, पण गोळा अजून गोल असतो. तिसरीत गोळ्याच्या पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखी रेघ उमटते आणि गोळा चपटा होऊ लागतो. चौथीत सांधाच झिजलेला असतो. ही वाटचाल पुष्कळ जणांत दोन-तीन वर्षांत पूर्ण होते, काहींत काही महिन्यांतच.

बोन ग्राफ्ट: मांडव आणि कलम

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. दुसरीकडचे हाड काढून इथे का घालायचे?

हाड ही एक अजब वस्तू आहे. त्वचेला जखम झाली की व्रण उरतो, पण हाड मोडून नीट जुळले तर त्या जागी पुन्हा हाडच तयार होते. बोन ग्राफ्ट म्हणजे शरीराच्या याच गुणाला दिलेला टेकू. त्याचे दोन मुख्य प्रकार समजून घ्या.

पहिला प्रकार मांडवासारखा. दोडक्याचा वेल चढावा म्हणून आपण काठ्यांचा मांडव घालतो. मांडव स्वतः वाढत नाही, वेल त्यावर चढतो. कमरेच्या हाडाच्या कडेतून काढलेला हाडाचा चुरा किंवा पायाच्या हाडाची कांडी खुब्यात घातली, की त्या कांडीतल्या बहुतेक पेशी मरतात. पण तिचा सांगाडा टिकतो. आजूबाजूच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी त्यावर सरपटत चढतात, जुने खातात आणि नवे रचतात. तोपर्यंत ती कांडी गोळ्याला खालून धिऱ्यासारखी टेकून धरते. अमेरिकेतील सर्जन फेमिस्टर यांनी १९४९ मध्ये मेलेल्या गोळ्यासाठी अशा कांड्यांचा उपयोग मांडला. आजच्या कितीतरी पद्धती त्यातूनच निघाल्या आहेत.

दुसरा प्रकार आंब्याच्या कलमासारखा. कलम करताना फांदी जिवंत असावी लागते. तसे इथे हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढतात आणि खुब्याजवळच्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. हाड जिवंत राहते आणि सोबत रक्ताची नवी वाट घेऊन येते. त्यासाठी पायाचे बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, वापरतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. अर्बेनियाक यांनी या शस्त्रक्रियेचा फार मोठा अनुभव जमवला. तिसरी एक मधली वाट आहे. खुब्याजवळच्या स्नायूला चिकटलेला हाडाचा तुकडा, स्नायू न तोडता, तसाच वळवून गोळ्यात बसवायचा. स्नायूतून येणारे रक्त त्या तुकड्याला मिळत राहते. आपल्याकडे कोलकात्याचे डॉ. बक्षी यांनी या पद्धतीवर केलेले काम १९८३ पासून जगभरच्या ऑर्थोपेडिक सर्जनना ठाऊक आहे.

मग फिब्युला काढल्यावर पाय कमजोर होत नाही का? पायाच्या खालच्या भागातले बहुतेक वजन पुढच्या जाड हाडावरून, म्हणजे नडगीच्या हाडावरून जाते. फिब्युलाचा घोट्याजवळचा भाग मात्र महत्त्वाचा असतो, म्हणून तो शाबूत ठेवून वरचा भाग घेतात. तरीही ही गोष्ट फुकट मिळत नाही. काही जणांना पायाला बधिरपणा येतो, घोटा दुखतो किंवा अंगठा नीट सरळ होत नाही. कमरेतून हाड काढले तर ती जागा कित्येकदा खुब्यापेक्षा जास्त दिवस ठणकते. हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवे, नंतर नव्हे.

स्वतःचे हाड न घेता दात्याचे हाड वापरण्याचीही सोय असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक आहे. दात्यांची हाडे स्वच्छ करून, किरणोत्साराने जंतुविरहित करून तिथे ठेवली जातात. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणजे तो निव्वळ मांडव. पण काही ऑपरेशनसाठी तेवढे पुरते.

खुब्यात बोन ग्राफ्ट कुणाला लागतो?

साधारण तीन तऱ्हेच्या रुग्णांना.

एक, खुब्याची मान मोडलेले तरुण. मोटारसायकलचा अपघात, झाडावरून किंवा स्लॅबवरून पडणे ही नेहमीची कारणे. सत्तरीच्या आजींची मान मोडली आणि तुकडे सरकले असतील, तर बहुतेकदा गोळा बदलतात आणि त्यांना लवकर चालते करतात. तेच बरोबर आहे. पण पंचविशीच्या मुलाचा गोळा वाचवायचा सर्व प्रयत्न करायला हवा. मानेचे हाड जुळायला मुळातच हट्टी. हाडवैद्याकडे तेल-पट्टी करण्यात आठवडे गेले तर ते आणखी हटून बसते. अशा न जुळलेल्या मानेत स्क्रूसोबत फिब्युलाची कांडी घालतात.

दोन, हाडात पोकळी किंवा साधी गाठ असलेले रुग्ण. यात लहान मुले बरीच असतात. गाठ खरवडून काढतात आणि पोकळी हाडाने भरतात.

तीन, एव्हीएन झालेले रुग्ण. आज मला मुख्यतः यांच्याविषयी बोलायचे आहे. कारण यात वेळेचा प्रश्न सर्वांत बिकट आहे, आणि कारण यात माझीही एक चूक आहे.

माझी चूक

२०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट ओसरल्यानंतरची गोष्ट. ३८ वर्षांचा एक टेम्पोचालक माझ्याकडे आला. मांडीच्या पुढच्या बाजूने दुखते आणि कळ गुडघ्यापर्यंत जाते, ही तक्रार. कोविडमध्ये तो अत्यवस्थ होता, स्टिरॉईडने वाचला होता. घरी आल्यावर त्याच गोळ्या त्याने महिनाभर आणखी घेतल्या. ‘कधी थांबवायच्या’ हे कुणी नीट सांगितले नव्हते आणि मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर देत होता.

हे सगळे मी विचारायला हवे होते. मी विचारले नाही. गुडघा तपासला, ठीक होता. कमरेचा एक्स-रे काढला, त्यात थोडी झीज दिसली. टेम्पो चालवणाऱ्या माणसाच्या कमरेत झीज दिसणारच. ‘सायटिका आहे’ म्हणालो, दुखण्याच्या गोळ्या दिल्या, पट्टा लावायला सांगितला. बरे वाटले नाही की तो यायचा, मी गोळी बदलायचो. असे चार महिने गेले.

एकदा त्याची बायको सोबत आली. ती सहज म्हणाली, “आता ह्यांना खाली बसून जेवताच येत नाही. मांडी घातली की डोळ्यांत पाणी येतं.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्याला टेबलावर झोपवले, गुडघा वाकवून पाय हळूच आतल्या बाजूला फिरवला, आणि तो कळवळला. खुबा! चार महिन्यांत मी एकदाही त्याचा खुबा हलवून पाहिला नव्हता. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो.

दोन्ही खुब्यांचा एमआरआय केला. उजवा गोळा खचायला लागला होता. डावा दुखतही नव्हता, पण त्यातही आजाराची सुरुवात झाली होती. सर्जननी डाव्या बाजूला ड्रिल करून बोन ग्राफ्ट घातला. उजव्या बाजूबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितले, “इथे आता ग्राफ्ट घालून तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.” वर्षभराने उजवा खुबा बदलावा लागला, चाळिशीच्या आत. डावा आजपर्यंत टिकून आहे.

एकाच माणसाचे दोन खुबे. एकात आपण वेळेत पोहोचलो, दुसऱ्यात नाही. एका रुग्णाचा अनुभव म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मला कळते. चार महिने आधी ओळखले असते तर उजवा नक्की वाचला असता, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्याला ती संधी मिळायला हवी होती आणि ती माझ्यामुळे हुकली. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, “जाऊ द्या डॉक्टर, जीव तर वाचला ना तेव्हा.” त्याच्या मोठेपणाने माझी चूक लहान होत नाही.

स्टिरॉईड: देव की दैत्य?

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. स्टिरॉईड वाईट नाहीत. दम्याचा तीव्र झटका, ल्युपस, किडनीचे काही विकार, प्रत्यारोपणानंतरचे उपचार, या सगळ्यांत ती जीव वाचवतात. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, या डोसने मृत्यू कमी झाले, हे २०२० च्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. तुमच्या डॉक्टरांनी स्टिरॉईड सुरू केले असेल, तर हा लेख वाचून ते अचानक बंद करू नका. अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते.

धोका मुख्यतः जास्त डोसचा आणि लांबलेल्या कोर्सचा. पूर्वी आम्ही असे मानत होतो, की एकूण २,००० मिलिग्रॅमच्या आसपास प्रेडनिसोलोन पोटात गेले की एव्हीएनची भीती. पण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ मध्ये कोविडनंतरच्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत सरासरी ७५८ मिलिग्रॅमवरच एव्हीएन झाला होता, आणि दुखणे कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत सुरू झाले होते. तीन रुग्णांवरून नियम बनत नाही, पण सावध व्हायला ते पुरेसे आहे.

स्टिरॉईडशिवाय दारू हे दुसरे मोठे कारण. अपघातात खुबा निखळणे किंवा मान मोडणे हे तिसरे. सिकलसेलच्या रुग्णांतही एव्हीएन होतो, आणि विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आहे. त्या भागातल्या तरुण मुलाचा खुबा दुखत असेल, तर हे आधी मनात यायला हवे. काही जणांत कारण सापडतच नाही.

आणि एक कारण जे चिठ्ठीवर कधीच लिहिलेले नसते: ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि जिमच्या कोपऱ्यात मिळणारी ‘बॉडी बनवायची’ इंजेक्शने. ज्या पुडीने दोन दिवसांत सगळे दुखणे पळून जाते आणि भूक वाढते, तिच्यात काय आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर ती कचऱ्यात टाका.

‘वाचवा’ म्हणणारे आणि ‘बदला’ म्हणणारे

या विषयावर दोन टोकाची मते कानावर येतात. पहिले, ‘नैसर्गिक सांधा तो नैसर्गिक, काही झाले तरी बदलू नका.’ दुसरे, ‘ग्राफ्टबिफ्टच्या भानगडीत कशाला पडता, एकदाच बदला आणि मोकळे व्हा.’ मला दोन्ही पटत नाहीत.

खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया फार यशस्वी आहे, याबद्दल दुमत नाही. चार्नली यांनी १९६० च्या दशकात तिला आजचे रूप दिले आणि तिने जगभर लाखो लोकांना चालते केले. कृत्रिम सांधे आज वीस वर्षे आणि त्याहूनही जास्त टिकतात. पण साठीच्या माणसाला वीस वर्षे आणि तिशीच्या माणसाला वीस वर्षे, यांचा अर्थ एक नाही. तिशीच्या माणसाला पन्नाशीत दुसऱ्यांदा ऑपरेशन लागू शकते, आणि दुसरे ऑपरेशन पहिल्याहून अवघड असते. म्हणून तरुण माणसात, गोळा खचलेला नसेल तर, तो वाचवण्याचा प्रयत्न मला योग्य वाटतो.

पण गोळा पूर्ण खचला असेल, वाटी झिजली असेल, तर ग्राफ्टचा आग्रह धरणे म्हणजे भिंत पडल्यावर तिला रंग देणे. रुग्णाचे सहा महिने कुबड्यांवर जातात, पैसा जातो, आणि शेवटी सांधा बदलावा लागतोच. मधल्या अवस्थेत, म्हणजे नुकतीच चंद्रकोर दिसू लागली आहे अशा वेळी, खरा कस लागतो. तिथे मेलेला भाग किती मोठा आहे, तो भार पडणाऱ्या जागी आहे का, रुग्णाचे वय किती, आजार कशामुळे झाला आणि स्टिरॉईड अजून चालू आहे का, यावर निर्णय ठरतो. तिथे दोन चांगल्या सर्जनची मते वेगळी पडू शकतात. त्याचा अर्थ दोघांपैकी एक फसवतो आहे असा नव्हे.

लहान भाग मेलेला असेल, तर नुसते ड्रिल करून गोळ्यातला दाब कमी करणे, ज्याला ‘कोअर डिकम्प्रेशन’ म्हणतात, तेही पुरू शकते. त्या बोगद्यात मग हाडाचा चुरा, कांडी किंवा कमरेतून काढलेला बोन मॅरो घालतात. सध्या याच बोन मॅरोच्या उपचाराची ‘स्टेम सेल’ नावाने जोरात जाहिरात होते. काही रुग्णांत त्याचा फायदा दिसला आहे, पण खचलेला गोळा त्याने पुन्हा गोल होत नाही. कुणी तशी हमी देत असेल तर तिथून उठून या. अलेन्ड्रोनेटसारख्या हाडांच्या गोळ्यांबद्दलही तेच. सुरुवातीच्या अवस्थेत काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. सर्जनच्या सल्ल्याने घ्या, पण त्या भरवशावर तपासणी टाळू नका.

ऑपरेशन ठरले असेल तर

सर्जनला हे प्रश्न जरूर विचारा. चांगला सर्जन चिडत नाही.

१. माझा गोळा खचला आहे का? आजार कितव्या पायरीवर आहे?
२. मेलेला भाग लहान आहे की मोठा, आणि भाराच्या जागी आहे का?
३. दुसरा खुबा एमआरआयमध्ये पाहिला का? अपघाताशिवाय झालेला एव्हीएन बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतो.
४. हाड कुठून घेणार? त्या जागेला नंतर काय त्रास होऊ शकतो?
५. ग्राफ्ट अयशस्वी झाला तर पुढे काय? तेव्हा खुबा बदलणे अवघड होईल का?
६. तुम्ही स्वतः अशी ऑपरेशने किती करता? हे काम नेहमी करणाऱ्या हातात वेगळे असते.

फिजिशियन म्हणून माझ्याकडून काही गोष्टींची भर. तंबाखू आणि सिगारेट बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि आपण इथे रक्तासाठीच तर सगळा खटाटोप करतो आहोत. मिश्री आणि गुटखाही त्यातच आला. दारू बंद. साखर आटोक्यात आणा, व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा.

आणि सर्वांत कठीण भाग ऑपरेशननंतरचा. ग्राफ्ट घातल्यावर सुमारे सहा आठवडे त्या पायावर वजन टाकायचे नसते, पुढे कित्येक आठवडे थोडे थोडे वाढवायचे असते. पूर्ण मोकळे चालायला तीन ते सहा महिने लागू शकतात. मांडवावर वेल चढायला तेवढा वेळ लागतोच. दुखणे थांबले म्हणून दुसऱ्या महिन्यात कुबड्या फेकणारे रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून तारीख ठरवण्याआधी घरात बसून ठरवा. कामावर किती महिने सुट्टी, घर कसे चालणार, जिना आहे का, कमोडची सोय आहे का. ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब सगळे करतात, या सहा महिन्यांचा कुणी करत नाही. कमावत्या माणसासाठी हाच खरा खर्च असतो.

एक छोटी गोष्ट. पुढे काठी घ्यायची वेळ आली तर ती दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरा. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. दहापैकी आठ जण ती उलट धरून माझ्याकडे येतात.

तुमच्यासाठी आणि माझ्या डॉक्टर मित्रांसाठी

तुम्ही एवढे लक्षात ठेवा. जांघेत दुखते, मांडीच्या पुढून गुडघ्याकडे कळ जाते, मांडी घालताना, पायाची नखे कापताना, गाडीवर बसताना त्रास होतो, आणि दोन-तीन आठवड्यांत बरे वाटत नाही, तर डॉक्टरांना विचारा, “माझा खुबा तपासला का?” मागच्या दोन-तीन वर्षांत स्टिरॉईड घेतले असेल, दारूची सवय असेल, सिकलसेल असेल, तर ते न विचारता सांगा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा वेळी दोन्ही खुब्यांचा एमआरआय करण्यात उधळपट्टी नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की स्टिरॉईडची चिठ्ठी लिहिताना ती कधी थांबवायची ती तारीख त्याच चिठ्ठीवर मराठीत लिहावी. सोबत एक ओळ अशी, ‘पुढे जांघेत किंवा मांडीत दुखले तर लगेच दाखवा.’ दहा सेकंदांचे काम आहे. त्या टेम्पोचालकानंतर मी हे सुरू केले. आणि मांडी-गुडघा दुखणाऱ्या प्रत्येकाचा खुबा मी आता फिरवून पाहतो.

आता त्या २९ वर्षांच्या मुलाच्या आईला मी काय सांगितले ते. त्याचा एमआरआय पाहिला. गोळा गोल होता, खचलेला नव्हता, आणि दुखणे सुरू होऊन दीडच महिना झाला होता. त्याच्या गावच्या डॉक्टरांनी तिसऱ्याच आठवड्यात एमआरआयला पाठवले होते. मी म्हणालो, “ताई, पायातलं हे हाड थोडं गेलं तरी चालतं, खुब्यातला गोळा गेला तर परत मिळत नाही. तुमच्या मुलाचा गोळा अजून शाबूत आहे. आता उशीर करू नका. यश येईलच असं वचन मी देत नाही, पण तुम्ही वेळेत आला आहात.”

मुलगा म्हणाला, “आणि नाही टिकला तर?”

“तर खुबा बदलायची वाट उघडी आहेच. पण ती तिशीत चालण्यापेक्षा पन्नाशीत चाललेली बरी.”

जाताना मी त्याच्याकडून त्या गावच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतला. मुलगा निघून गेल्यावर त्यांना फोन केला आणि ‘शाबास’ म्हणालो. मला ते चार वर्षांपूर्वी जमले नव्हते.